रेडिओ कोणाचा?

वाचकहो, लोहगडवाडीची वाट चढून गडावर गेले की महादेवाचे मंदिर भेटते आणि दर्गाही भेटतो. या मावळच्या शेजारी, पुण्यात, २ ऑक्टोबर १९५३ रोजी नभोवाणी केंद्र सुरू झाले. पण सरकारी रेडिओ कोणाच्या बाजूचा, ही शंका त्याहून जुनी आहे, आणि ती एकट्या आपल्या समाजाची नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

१९४० नंतरच्या काही वर्षांत ऑल इंडिया रेडिओचे प्रमुख होते अहमदशाह बुखारी, म्हणजे उर्दू साहित्यातले 'पतरस'. त्यांचे बंधू झुल्फिकार हेही त्याच खात्यात अधिकारी. लोकांनी बी.बी.सी.चा अर्थ लावला, 'बुखारी ब्रदर्स कॉर्पोरेशन'! बातम्यांची हिंदुस्तानी म्हणजे उर्दूच, असे म्हणून हिंदी साहित्य संमेलनाने रेडिओवर बहिष्कार घातला. उर्दूवाल्यांना तीच भाषा हिंदीकडे झुकलेली वाटे.

पुढे काटा फिरला. १९५२ ते १९६२ पर्यंत नभोवाणी मंत्री होते पुण्यात जन्मलेले डॉ. बा. वि. केसकर. त्यांनी सिनेगीतांवर गदा आणली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. हे विनोदाने घेता येईल. परंतु मुसलमान उस्तादांच्या हाती जाऊन संगीत आपल्या धार्मिक मुळांपासून तुटले, हे त्यांचे मत मात्र बोचणारे होते, आणि माझ्या मते इतिहासाला सोडून होते. मिरजेत स्थायिक झालेले, तेथेच दफन झालेले अब्दुल करीम खाँ. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व. आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. भीमसेनांचे अभंग ऐकताना आपण कोणत्या घराण्याचा स्वर ऐकतो, ते पालकांनी मुलांना जरूर सांगावे.

म्हणून प्रत्येक भक्तिगीतात राजकारण शोधणेही बरे नव्हे. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्राने वर्षभर 'गीत रामायण' ऐकविले. एकूण ५६ गीते. कवी ग. दि. माडगूळकर काँग्रेसच्या वळणाचे, संगीतकार सुधीर फडके संघाशी जवळीक असलेले. आता सांगा, हे रामायण कोणत्या पक्षाचे?

तरी शंका उरतेच, आणि तिचे कारण याच केंद्राच्या दुसऱ्या एका उपक्रमात दिसते. १९५६ च्या आरंभी युनेस्कोच्या साह्याने पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे स्थापिली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, मंडळी कार्यक्रम ऐकत, मग त्यावर वाद घालीत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे जाऊन पुढच्या कार्यक्रमात उत्तरे मिळत. बियाणे, खत, कोंबड्या यांबाबत सरकारला उलट विचारता येत होते. पहाटे कोणाची प्रार्थना किती वेळ लागावी आणि ते कोण ठरवितो, हे विचारायला मात्र तसे एकही मंडळ नव्हते.