पैलतीरावरून पंढरपूर

चिवड्यातले शेंगदाणे संपले आणि डब्याच्या तळाशी नुसते पोहे उरले, की आमच्या करकंबात कार्तिकीची बोलणी सुरू होतात. कोणाची गाडी जायची, कोण कोणाबरोबर बसायचे, म्हाताऱ्यांना कुठे उतरवायचे. पंढरपूर आमच्यापासून वीस-बावीस किलोमीटर. निवृत्तिनाथांची आणि पैठणच्या नाथांची पालखी आषाढात आमच्याच गावी मुक्काम करते. त्यामुळे वारी ही आम्हाला वाटेवरच्या माणसांइतकी ओळखीची. पण एक गोष्ट बाहेरच्या वाचकांना ठाऊक नसते. आम्ही भीमेच्या अलीकडच्या तीरावरचे लोक. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या वाखरीवरून, म्हणजे जमिनीच्या वाटेने पंढरीत शिरतात. आम्ही भोसे, गुरसाळे मागे टाकून येतो तो थेट पाण्यासमोर. आम्हाला पंढरपूर आधी दिसते, मग भेटते. आणि या दिसण्याभेटण्यात एक नदी असते.

या तीरावर आता बागेसारखे मोठे मैदान झाले आहे. नदीच्या वाळवंटात राहुट्या, तंबू ठोकू नयेत, नदी घाण होऊ नये, म्हणून उच्च न्यायालयाने आदेश दिले; त्यानंतर २०१५ च्या सुमारास पैलतीरावरचा पासष्ट एकरांचा तळ वारकऱ्यांसाठी तयार झाला. त्याला ‘भक्तिसागर’ असे भारदस्त नाव आहे, पण लोक ‘पासष्ट एकर’ एवढेच म्हणतात. रस्ते आहेत, नळ आहेत, दिवे आहेत, झाडे लावलेली आहेत. आषाढीला येथे पाऊल ठेवायला जागा नसते. एरवी मात्र हवा खायला यावे, नदीकाठी बसावे आणि समोरचे गाव पाहावे, यासाठी याच्यासारखी जागा आमच्या तालुक्यात दुसरी नाही. सकाळी या, असे मी सांगेन. ऊन पाठीमागून येते आणि समोरच्या घाटांवर सरळ पडते. पायरी न् पायरी मोजून घ्यावी. संध्याकाळी सूर्य गावाच्या मागे उतरतो, तेव्हा नुसती काळी कड दिसते.

येथे भीमा अर्धचंद्रासारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. डोळा प्रथम ठरतो तो पात्रातल्या पुंडलिकाच्या देवळावर. नंतर घाट, महाद्वार घाटाच्या वर होळकरांचा वाडा, आणि बैजाबाई शिंद्यांनी बांधलेले द्वारकाधीशाचे देऊळ, जे देवळापेक्षा गढीसारखेच दिसते. सरदारांनी देवाला दाराशी वाडा दाखवावा तसे हे वाडे उभे आहेत. अहिल्याबाईंविषयी मला आदर आहे, पण खरे सांगायचे तर या सगळ्या भिंतींच्या गर्दीत विठोबाचे शिखर शोधावे लागते. पाण्याच्या टाक्या, लॉजच्या पाट्या, मोबाईलचे मनोरे यांच्या मधून ते एकदाचे सापडते. नवखा माणूस हमखास दुसऱ्याच शिखराला नमस्कार करतो.

पण ज्याला शाळेत इतिहास शिकवायचा आहे त्याने मुलांना येथेच आणावे. समोरच्या त्या एका ओळीत सातआठशे वर्षे बसलेली आहेत. १२३७ सालचा होयसळ राजा सोमेश्वराचा शिलालेख या गावाला पंडरगे म्हणतो आणि ते भीमरथीच्या काठी आहे असे सांगतो. पुढे १२७३ ते १२७७ या काळातला तो प्रसिद्ध चौऱ्यांशीचा लेख. त्यात रामदेवराव यादव आहे, हेमाद्री पंडित आहे, आणि देवळाला दान देणाऱ्यांची नावेच्या नावे आहेत. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून भाविकांनी त्या दगडावर पाठी घासल्या. आपल्याकडे इतिहासाची झीज अशीही होते.

औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात याच नदीच्या काठी, खाली मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला होती. मोगल जवळ आले की मूर्ती देवळातून हलवून लपवावी लागे. म्हणजे या गावावर अशीही वेळ आलेली आहे की कळस जागेवर आहे आणि त्याच्या खाली देव नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, मला पुढे त्याचे काम आहे. आणि त्या घाटामागच्या गल्ल्यांतच जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री देवदर्शन करून परतत असता मारले गेले. त्र्यंबकजी डेंगळ्यावर आळ आला, बाजीरावाने त्याला इंग्रजांच्या हवाली केले, आणि तीन वर्षांत पेशवाई बुडाली. मुलांना हे सांगितले की ती टाचा उंच करून गल्ली शोधू लागतात.

बाकीचे भराभर सांगतो. १९०६ साली कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पंढरपूरला आली. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले, आणि तेव्हापासून वारीला चंद्रभागेत पाणी असावे की नाही हे वरुणाइतकेच इंजिनिअरांच्या हाती गेले. १४ ऑक्टोबर २०२० रोजी, पावसाने कहर केला त्या दिवशी, कुंभार घाटावरची नवीच बांधलेली भिंत कोसळून सहा माणसे गेली. जुन्या पायऱ्यांवरून शेकडो पूर गेले, त्या जागच्या हलल्या नाहीत. याचा ज्याचा त्याने विचार करावा.

ही झाली समोरच्या तीराची हकीकत. मला सांगायचे आहे ते या तीराचे.

राजे, सरदार, सावकार सगळे त्या काठाला बांधीत होते. या काठाला काही बांधल्याची जी कथा आपल्या संतचरित्रांत आहे ती एका महाराची आहे. ताहराबादच्या महिपतीने १७६२ साली ‘भक्तविजय’ पुरा केला, त्यात ती येते. विठोबाने चोखामेळ्याला रात्री हाताला धरून गाभाऱ्यात नेले. सकाळी ही गोष्ट उघडकीस आली आणि चोखोबाला क्षेत्रातून नदीपलीकडे घालवण्यात आले. तो बायकोसह पैलतीरी राहिला आणि तेथे त्याने देवळासमोर एक दीपमाळ उभी केली. देव तेथे जेवायला येई. सोयराबाई वाढत असता तिच्या हातून दही सांडले, चोखोबा देवाशी काही बोलला, ते वाटेने जाणाऱ्या एका ब्राह्मणाने ऐकले आणि त्याच्या थोबाडीत मारली. तो ब्राह्मण स्नान करून देवळात जातो तो देवाचा गाल सुजलेला आणि पीतांबरावर दही.

ही कथा मी लहानपणापासून कीर्तनात ऐकली आहे. कीर्तनकार सुजलेल्या गालापाशी थांबतात, माणसे डोळे पुसतात. मला अलीकडे दीपमाळेपाशी थांबावेसे वाटते. ज्याला आत जाता येत नाही त्याने दिवा लावला तो कशासाठी? त्याला कळस दिसावा म्हणून नव्हे. कळस दिवसा दिसतच होता. आपण येथे आहोत हे समोरच्यांना दिसावे म्हणून. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर पडून चोखोबा गेला. नामदेवांनी त्याच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी दिली. मेल्यावर नदी ओलांडता आली, उंबरा राहिलाच.

तो उंबरा पुढे सहाशे वर्षे राहिला. रमाबाई आंबेडकरांना पंढरपूरला जाण्याची ओढ होती. जेथे लांबूनच माघारी फिरावे लागते त्या पंढरपूरला जाऊन काय करायचे, आपण आपले दुसरे पंढरपूर उभारू, अशी बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली. १९३५ साली रमाबाई गेल्या. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली होती. स्वतः बाबा देवळात जात नसत, वाळवंटात झाडू घेऊन उभे असत. आणि १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी उपोषण मांडले. अमळनेरच्या शाळेतला मास्तर, अंगाने किरकोळ, आवाजाने मऊ. त्या गावात बसायला जागा मिळेना. ती दिली तनपुरे महाराजांच्या मठाने. दहा दिवसांनी उपोषण सुटले आणि त्याच वर्षी देऊळ हरिजनांना खुले झाले. देवळाच्या काही सेवेकऱ्यांनी त्याआधी देवाचे तेज घागरीत काढून घेतल्याचे सांगतात. मघाचे वाक्य आठवा: कळस जागेवर, देव नाही. औरंगजेबाच्या भीतीने जे करावे लागले होते, ते या वेळी आपल्याच माणसांच्या पायरवाने केले गेले.

आता घरचे सांगतो. सांगू नये असे पुष्कळ दिवस वाटत होते.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, पंढरीची एकही एकादशी चुकवीत नसत. १९८६-८७ च्या सुमारास मी त्यांच्याबरोबर बैलगाडीतून येत असे. गाडी याच तीरावर, एका बाभळीखाली सुटे. आजी कोळ्याच्या होडीत बसून पलीकडे जाई. आबा मात्र धोतराचा सोगा सावरून काठाशी बसत, टोपी काढून कळसाकडे पाहत आणि बराच वेळ हात जोडून राहत.

“आबा, आपण आत का जायचं नाही?” मी एकदा विचारले.

“कळस दिसतो न्हवं? मग झालं की.”

केवढी ही निष्ठा, असे मला वाटे. सातवी-आठवीत असताना मी त्यावर निबंधही लिहिला, तो वर्गात वाचून दाखवला गेला. आबा गेल्यावर कितीतरी वर्षांनी आत्याने खरे कारण सांगितले. १९४७ साली देऊळ खुले झाले तेव्हा आबांनी भावकीत बसून शपथ घेतली होती, की आता त्या देवळाची पायरी चढणार नाही. ती त्यांनी मरेपर्यंत पाळली.

मला आत्याचा राग आला. निबंधाचा तर फारच आला. त्यानंतर दोनतीन वर्षे मी या तीरावर उतरलोच नाही, मोटारीतून सरळ पूल ओलांडून जात असे. मग एकदा आजीचे आठवले. ती पलीकडून परत आली की पदराच्या गाठीतला बुक्का सोडी आणि आधी आबांच्या कपाळाला लावी. तो बुक्का आतला होता. कोणाकोणाचे डोके टेकलेल्या पायांजवळचा होता. हे तिला ठाऊक होते आणि आबांनाही ठाऊक असलेच पाहिजे. दोघेही काही बोलत नसत. आबा मान पुढे करीत आणि लावून घेत.

गेल्या हिवाळ्यात सातवीची सहल घेऊन मी पासष्ट एकरात आलो. मुलांनी डबे सोडले, मी काठीने समोरचे एकेक दाखवीत होतो. दीपमाळेची कथा सांगून झाल्यावर एका मुलीने विचारले, “सर, तेव्हा ठीक आहे, पण आपल्या गावातून सगळे कधीपासून आत जायला लागले?” हा प्रश्न पुस्तकात नाही. उत्तर देताना मी आबांची गोष्ट सांगून टाकली, शपथेसकट. पस्तीस मुले गप्प बसली. मागे बसलेला एक मुलगा, ज्याच्या पणजोबांना त्या शपथेचा अर्थ मला सांगावा लागला नसता, डब्याचे झाकण लावीत म्हणाला, “म्हणजे सर, तुमच्या आजोबांना चोखोबाच्या जागी बसावं लागलं.”

“लागलं नाही,” मी म्हणालो. “ते आपणहून बसले.”

त्याने मान हलवली. पटले की नाही, मला कळले नाही.

मग आम्ही पूल ओलांडला आणि दर्शनबारीत उभे राहिलो. अडीच तास लागले. तो मुलगा माझ्या पुढे होता. त्याने पायांवर डोके ठेवले, सेवेकऱ्याने त्याची मान धरून पुढे सारली, मग माझीही सारली. पंढरपुरात या बाबतीत आता पूर्ण समता आहे. बाहेर येऊन मी बुक्क्याची पुडी घेतली.

परतताना अंधार पडला होता. पूल संपल्यावर ड्रायव्हरला दोन मिनिटे थांबायला सांगितले. मुले धावत काठाशी गेली. समोर दिवे लागले होते, पाण्यात त्यांच्या लांब रेघा पडल्या होत्या. “कळस कुठाय, कळस?” असा गलका झाला. मी चष्मा पुसून पाहू लागलो, तोवर त्यांनी तो शोधलाही होता आणि मला बोट धरून दाखवीत होती.