टीव्हीनं आमचं गाव मोजलं कधी?

आज गुरुवार, म्हणजे टीआरपीचा दिवस. तुमच्यातल्या निम्म्यांनी इन्स्टावर यादी बघून झाली असणार. 'ठरलं तर मग' कितव्या नंबरला, आपली आवडती मालिका वर गेली की खाली आली, कोणती आता बंद पडणार. मी पण बघतो, खोटं कशाला बोलू. २०२२च्या डिसेंबरात 'ठरलं तर मग' सुरू झाली आणि पुढं बराच काळ पहिला नंबर तिनं सोडला नाही, तेव्हा तर मित्रांशी पैजा लागायच्या.

पण आज विषय थोडा वेगळा आहे. हा नंबर येतो कुठून? आणि त्यात आमचं गाव कधीपासून आहे?

आमचं गाव दुसरबीड. जिल्हा बुलढाणा, तालुका सिंदखेड राजा, जालना-मेहकर रस्त्यावर. कापूस, सोयाबीन आणि संध्याकाळी घराघरात टीव्ही. आमच्या घरी रिमोट आजीकडे असतो. बाबांनाही मागून घ्यावा लागतो.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. आजी सांगते, गावात टीव्ही आला तेव्हा पडद्यावर आपल्यासारखी माणसं दिसायची ती 'आमची माती आमची माणसं'मध्ये, म्हणजे शेतीच्या कार्यक्रमात. बाकी नाटकं, मालिका सगळ्या मुंबई-पुण्याच्या. १५ ऑगस्ट १९९९ला अल्फा मराठी आलं, आजचं झी मराठी. 'आभाळमाया' लोकांनी जीव लावून बघितली. चांगलीच होती ती. पण घर मुंबईचं, बोली मुंबईची, प्रश्नही तिथलेच. आमच्याकडे भारनियमनात अर्धा भाग बुडायचा आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर कोणीतरी उरलेली गोष्ट सांगायचं.

तेव्हा वाटायचं, चॅनेलवाल्यांना खेडी आवडत नसतील. खरं कारण साधं होतं. खेडी त्यांच्या हिशोबातच नव्हती. २०१५पर्यंत देशात टॅम नावाच्या कंपनीचे आकडे चालायचे आणि तिची मीटरं शहरांत होती. जाहिरातवाला पैसे देतो आकड्याला. आकडा शहराचा, मग मालिकाही शहराची. आजीनं रोज तीन तास टीव्ही बघितला तरी तो कुठंच लागत नव्हता.

मग बार्क आलं, म्हणजे ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च काउन्सिल. २०१५च्या एप्रिलअखेर त्यांचे पहिले आकडे निघाले, आणि ऑक्टोबर २०१५पासून त्यात ग्रामीण भारत आला. ही तारीख मराठी टीव्हीच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहायला पाहिजे असं माझं मत आहे, पण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. देशभरातल्या याद्या उलट्यापालट्या झाल्या. झी अनमोलसारखी, फ्री डिशच्या छत्रीवर फुकट दिसणारी चॅनेलं एकदम वर चढली. मोठ्या शहरांतल्या लोकांनी त्यांची नावंही धड ऐकली नव्हती.

मीटर चालतं कसं, तेही ऐका. चॅनेल आपल्या आवाजात एक खूण मिसळून सोडतं. आपल्या कानाला ती कळत नाही, मीटरला कळते. घरातल्या प्रत्येकाचं एक बटण असतं, टीव्हीसमोर बसलं की दाबायचं. मीटर कोणाच्या घरी आहे ते गुप्त ठेवतात. २०२०मध्ये देशात टीव्हीची घरं सुमारे २१ कोटी होती आणि मीटरं ४४ हजारांच्या आसपास. म्हणजे तेव्हा एक घर साधारण पावणेपाच हजार घरांच्या वतीनं बोलायचं. ते घर फितवलं तर? म्हणूनच ऑक्टोबर २०२०मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा आरोप केला तेव्हा एवढी खळबळ माजली. बार्कनं वृत्तवाहिन्यांचे आकडेच थांबवले, ते थेट मार्च २०२२मध्ये परत सुरू झाले. मालिकांचे आकडे मात्र चालू होते.

आता जरा तारखा शेजारी ठेवून बघा. ऑगस्ट २०१६ला 'माझ्या नवऱ्याची बायको', नायिका नागपूरची. ऑक्टोबर २०१६ला 'तुझ्यात जीव रंगला', कोल्हापूरकडची. मे २०१७ला 'लागिरं झालं जी', साताऱ्याकडची. हे सगळं मोजणीमुळंच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. लेखक-दिग्दर्शकही गावाकडून आलेले होते, शहरी किचन बघून लोकही कंटाळले होते. पण गावाची गोष्ट विकायची तर गावाचा आकडा हातात लागतोच ना.

राधिका पहिल्यांदा बोलली तेव्हा आजी भाकरी टाकायची थांबली. "काहून गं बाई, हे तं आपल्यावानी बोलते!" खरं तर आपल्यावानी नव्हतंच ते. राधिकाची नागपूरकडची बोली, आम्ही घाटावरचे, आमचं बोलणं जालन्याकडं झुकतं. शिवाय अनिता दाते नाशिकची. पण आजीला त्याचं काय? तोवर टीव्हीवर वऱ्हाडी म्हणजे हसवायला. 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुरे आले की आमचं अख्खं घर गोळा व्हायचं, माणूस भारीच आहे. तरी हसवणारा वेगळा आणि नायिका वेगळी. आपल्या बोलीत कोणी रडतंय, भांडतंय, मसाल्याचा धंदा उभा करतंय, हे आजी पहिल्यांदा बघत होती.

आणि मग ऑगस्ट २०१९. सोनी मराठीवर 'स्वराज्य जननी जिजामाता'. आता तर गोष्ट शेजारची! जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८चा, सिंदखेडचा. दर १२ जानेवारीला आमच्या रस्त्यावरून गाड्यांची रांग लागते. लखुजीरावांच्या वाड्याचा तो दरवाजा, रंगमहाल, मोती तलाव, हे आम्ही शाळेच्या सहलीपासून बघत आलोय. पडद्यावर वाडा दिसला तो सेटचा, चकचकीत. आजीनं दोनच मिनिटांत निकाल दिला, "हा काही आपला वाडा नाही." पण मालिका सोडली नाही तिनं. २०२१ला संपेपर्यंत बघितली.

हे सगळं आज का सांगतोय? कारण आता मोजणीत गाव आहे, पण आपण नाही. तुम्ही हे फोनवर ऐकताय, मालिकाही फोनवर बघता. गुरुवारच्या त्या यादीत फोनवरचं बघणं धरत नाहीत. ती यादी घरातल्या टीव्हीची. ॲपवाल्यांकडे त्यांचे आकडे असतात, पण ते असे दर आठवड्याला आपल्यासमोर मांडत नाहीत. म्हणजे आपण ज्या यादीवरून भांडतो, ती आजीच्या मताची यादी आहे. सासू-सुनेचं तेच तेच दळण का चालतं, असं कमेंटमध्ये विचारणाऱ्यांनी आधी स्वतःला विचारावं, टीव्ही शेवटचा कधी लावला होता? मी विचारलं. मला आठवेना.

परवाचीच गोष्ट. आजी टीव्हीसमोर, मी शेजारी फोन घेऊन. ॲपवर पैसे भरले की काही मालिकांचा भाग टीव्हीच्या आधीच दिसतो, तसा मी उद्याचा भाग बघत होतो. तिच्या लक्षात आलं. रिमोट माझ्याकडं रोखून म्हणाली, "उद्याचं सांगशील तं जेवायले देणार नाही."