वस्तादांची नजर
१९१२ साली शाहू महाराजांचं खासबाग मैदान पुरं झालं आणि कोल्हापूरच्या कुस्तीला हक्काचं मैदान मिळालं. पैलवान मात्र घडत होते गल्लोगल्लीच्या तालमींत, वस्तादांच्या नजरेखाली.

आमचे वस्ताद नव्या पोराला लगेच लढतीला सोडत नसत. आधी फावडं हातात. ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेली लाल माती उकरता उकरता खांदे, कंबर, मनगटं तयार होत. मग जोर-बैठका, त्याही पोराचा दम बघून. पहाटे एखाद्याचा चेहरा उतरलेला दिसला की त्याची मेहनत निम्मी. दूध-तूप पचेल तेवढंच. पोराला न विचारता हे सगळं ओळखणारी ती नजर मला डावपेचांहून मोठी वाटते.

मातीत घडलेले पैलवान खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर लढले, सहावे आले. तिथं रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचं मार्गदर्शन त्यांना लाभलं. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. गार्डनरांनाही मी वस्तादच म्हणतो. आज मी शिकवतो ती पोरं सकाळी मातीत आणि संध्याकाळी गादीवर उतरतात. कोवळ्या पोरांना मी जड वजनं अजून उचलू देत नाही.