शहरातले हॉटेल निवडताना: मेंबरशिपचे पॉइंट आणि घरचा हिशोब

नगर जिल्ह्यातल्या बहुतेक घरांना वर्षातून एक-दोनदा मुंबई, पुणे किंवा औरंगाबादला मुक्काम करावा लागतो. कुणाची टाटा हॉस्पिटलची तारीख असते, कुणाच्या मुलीचे मेडिकलचे ॲडमिशन, तर कुणाला मुंबईहून उमऱ्याचे विमान पकडायचे असते. हॉटेल शोधायला मोबाइल उघडला की लगेच विचारणा होते, "मेंबर व्हा, पॉइंट मिळवा, सूट घ्या." मेंबर होण्यात तोटा नाही, बहुतेक ठिकाणी ते फुकटच असते. पण पॉइंटच्या नादात चुकीचे हॉटेल घेतले तर खिसा रिकामा होतो. म्हणून आम्ही हा हिशोब एका जागी मांडत आहोत.

मेंबरशिप दोन प्रकारची

पहिली हॉटेल कंपनीची स्वतःची. टाटांच्या ताज, विवांता आणि जिंजर या हॉटेलांसाठी न्यूपास आहे. इबिस, नोव्होटेल ही हॉटेले अकोर समूहाच्या 'ऑल' मध्ये येतात. कोर्टयार्ड, फेअरफील्ड ही मॅरियट बॉनव्हॉयमध्ये, तर हॉलिडे इन हे आयएचजी वन रिवॉर्ड्समध्ये.

दुसरी बुकिंग करणाऱ्या ॲपची. उदाहरणार्थ, बुकिंग डॉट कॉमच्या 'जीनियस' मध्ये खाते उघडताच काही निवडक हॉटेलांवर 10 टक्के सूट मिळते. दोन वर्षांत 5 मुक्काम झाले की दुसरी पायरी, 15 झाले की तिसरी. ही सूट सगळ्या खोल्यांवर नसते.

दोन्हींतला मुख्य फरक असा, की ॲपवरून बुकिंग केले तर हॉटेल कंपनीचे पॉइंट सहसा मिळत नाहीत. पॉइंट हवे असतील तर कंपनीच्या वेबसाइटवरून, ॲपवरून किंवा थेट फोन करून बुकिंग करावे लागते. म्हणून आधी दोन्हीकडचे भाव पाहावेत. ॲपची सूट पॉइंटच्या किमतीपेक्षा मोठी असेल तर ॲपच बरे.

पॉइंटची किंमत रुपयांत काढा

"पाच हजार पॉइंट" ऐकायला मोठे वाटतात, पण प्रत्येक कंपनीच्या पॉइंटची किंमत वेगळी असते. न्यूपासचे सोपे आहे, 1 न्यूकॉइन म्हणजे 1 रुपया. अकोरचे 2000 पॉइंट म्हणजे 40 युरोची सूट. मॅरियटमध्ये ठराविक किंमत नाही, हॉटेल आणि तारखेप्रमाणे लागणारे पॉइंट बदलतात.

वापरले नाहीत तर पॉइंट बुडतात. मॅरियट आणि हिल्टनमध्ये 24 महिने काहीच व्यवहार झाला नाही तर, आणि आयएचजीच्या साध्या मेंबरचे 12 महिन्यांत. वर्षातून एकदाच मुक्काम करणाऱ्या कुटुंबाने चार कंपन्यांत पॉइंट विखरून ठेवले तर एकाही ठिकाणी कामाला येण्याइतके जमत नाहीत. आपण नेहमी ज्या शहरांत जातो तिथे ज्या कंपनीची परवडणारी हॉटेले आहेत, तिची एकच मेंबरशिप पुरे. न्यूकॉइनचा एक फायदा असा की ते हॉटेलाबाहेरही, म्हणजे बिगबास्केट, क्रोमा, टाटा वनएमजी यांच्याकडेही चालतात. पुन्हा हॉटेलात जाणे झाले नाही तरी किराणा किंवा औषधांत वसूल होतात.

एक उदाहरण

समजा, मुंबईत 3 रात्री राहायचे आहे. आई-वडील आणि दोन मुले. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.

कंपनीचे हॉटेल: मेंबर भाव रोज 5,200, नाश्ता धरून. 5 टक्के जीएसटीसह 5,460, म्हणजे 3 रात्रींचे 16,380. हॉस्पिटल लांब, टॅक्सीचे रोज 600, म्हणजे 1,800. एकूण 18,180. भाड्याच्या 5 टक्के पॉइंट मिळाले असे धरले तर 780 वजा. उरले 17,400.

हॉस्पिटलजवळचे साधे हॉटेल: रोज 3,800, जीएसटीसह 3,990, म्हणजे 11,970. बाहेरचा नाश्ता रोज 400, म्हणजे 1,200. एकूण 13,170.

फरक 4,230 रुपयांचा. पॉइंट 780 चे. पॉइंट हे भावावर मिळणारे वरकड आहेत, भाव ठरवणारे नव्हेत. मात्र साध्या हॉटेलात चौघांना दोन खोल्या घ्याव्या लागल्या तर हिशोब पूर्ण उलटतो. म्हणून "एका खोलीत किती माणसे, मुलांचे वय कितीपर्यंत फुकट, एक्स्ट्रा बेडचे किती?" हे फोन करून आधी विचारावे.

जीएसटीची 7,500 ची रेघ

22 सप्टेंबर 2025 पासून रोज 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे. त्याच्या वर गेले की 18 टक्के. मेंबरची सूट इथे खरी कामाला येते.

खोली 7,800 ची असेल तर कर 1,404, एकूण 9,204. त्याच खोलीवर 5 टक्के मेंबर सूट मिळाली तर भाव 7,410, कर साधारण 370, एकूण साधारण 7,780. सूट दिसायला 390 रुपयांची, पण बचत 1,400 च्या पुढे. लग्नसराईत किंवा सुट्टीत भाव या रेघेच्या आसपास असतील तर मेंबर भाव जरूर तपासा.

आपल्या घरांसाठी काही खास गोष्टी

खाणे: "नाश्ता मोफत" असला तरी बुफेत बेकन-सॉसेज असेल आणि चिकन हलाल आहे की नाही कळत नसेल, तर आपल्या पानात अंडे आणि ब्रेडच येतो. मग त्या नाश्त्याची किंमत तेवढीच धरा. विचारायला लाजू नका.

तारीख: हॉस्पिटलची तारीख पुढे जाऊ शकते. "पैसे परत नाहीत" वाला स्वस्त भाव अशा वेळी महाग पडतो. फुकट कॅन्सल होणाराच भाव घ्या.

जास्त खोल्या: लग्नाला सगळे मिळून जात असाल तर मॅरियटमध्ये एका मेंबरला 3 खोल्यांपर्यंतचे पॉइंट मिळतात. अट अशी की त्यातल्या एकीत तो स्वतः राहिला पाहिजे आणि तिन्हींचे पैसे त्याने भरले पाहिजेत.

क्रेडिट कार्ड: कार्डाने पॉइंट वाढतात, पण बिल एक दिवस जरी चुकले तर सूद लागतो. पॉइंटसाठी सूद अंगावर घेणे दीनच्या हिशोबानेही नको आणि पैशाच्या हिशोबानेही.

उमरा: मक्केत हरमसमोरच्या अबराज अल-बैत मधली फेअरमाँट, स्विसोटेल, पुलमन झमझम ही हॉटेले अकोरची आहेत. पण टूरवाल्याच्या पॅकेजमधून गेलात तर पॉइंट बहुधा मिळत नाहीत. स्वतः बुकिंग करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, मॅरियटमध्ये सलग 5 रात्री पूर्ण पॉइंटवर घेतल्या तर त्यातली एक रात्र मोफत मिळते.

लांबचा इलाज असेल तर

महिनोन् महिने चालणाऱ्या उपचारासाठी कुठलीच मेंबरशिप परवडत नाही. टाटा हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन राहण्याच्या सोयीबद्दल विचारावे. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा देते. तिथे जाण्यात कमीपणा काही नाही. वाचलेला पैसा औषधाला लागतो.

बुकिंगआधी पाच प्रश्न

1. कर धरून एका रात्रीचे एकूण किती?
2. जिथे काम आहे तिथे जाण्या-येण्याचे रोज किती?
3. आपली सगळी माणसे एका खोलीत मावतात का?
4. तारीख बदलली तर पैसे परत मिळतात का?
5. वरचे चारही जुळल्यावर, पॉइंट कुठे मिळतात?

पॉइंटचा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. हॉटेल गरजेप्रमाणे निवडा, मग त्यावर मिळेल तो पॉइंट खुशाल घ्या.