मायना

इंग्रजी पत्र 'डिअर सर' म्हणून सुरू होते. शब्दशः अर्थ घेतला तर 'प्रिय साहेब'. पण ज्याला आपण कधी पाहिलेले नाही, ज्याच्याकडे तक्रार करायची आहे, तोही 'डिअर'च! तिथे प्रेम शोधू नये. घरात शिरण्याआधी कडी वाजवावी, तशी ती रीत आहे.

मराठीत या रीतीला मायना म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी, 'अर्थ' सांगणाऱ्या शब्दाच्या कुळातला. आणि मराठी मायन्याला खरोखरच अर्थ आहे, इतिहासही आहे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले सिंदखेडराजा हे जिजाऊंचे माहेर. त्यांच्या पुत्राची राज्याभिषेकापूर्वीची कितीतरी पत्रे 'अजरख्तखाने' या फारसी शब्दांनी उघडतात. शिवाजीराजांच्या नावापुढे 'दामदौलतहू' येते, म्हणजे त्यांची दौलत कायम राहो. दक्षिणेतल्या सुलतानी दफ्तरांची तीच वहिवाट होती. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि मायना बदलला. 'स्वस्तिश्री' आले, राज्याभिषेक शक आला, 'क्षत्रियकुलावतंस' आले. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश'ही सिद्ध झाला. मजकुराची पहिली ओळ वाचताच कळावे, की हे राज्य आता कुणाचे मांडलिक नाही.

तरी जुने शब्द घर सोडून गेले नाहीत. पुढे ज्या पेशव्यांनी राज्य चालवले, त्यांची पदवीच फारसी. आजही आमच्याकडचा शेतकरी अर्ज लिहितो, तो 'मे. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी' असा. 'मे.' म्हणजे मेहेरबान, शब्द फारसी. अर्ज अरबी. सेवा आणि विनंती संस्कृत. एवढे सगळे एका कागदावर शेजारी नांदते आणि लिहिणाऱ्याचा हात कुठे अडखळत नाही.

शाळेत आम्हाला मायना शिकवला होता, 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार'. पुढे शिकायला बाहेर राहिलो, तेव्हा मी घरी लिहीत असे, 'तीर्थरूप अब्बांस सलाम'. तीर्थ कोणते, हे अब्बांनी कधी विचारले नाही. त्यांचे उत्तर येई, त्यावर 'चिरंजीव' लिहिलेले असे. मराठी आमच्या घरात अशी राहत आली.

आता मोबाइलवर निरोप येतो, त्याला मायना नसतो. काम चटकन कळते. पण लिहिणारा आपल्याला कोण मानतो, ते मात्र कळायचे राहून जाते.