लॅम्बर्ट-ईटन लक्षणसमूह

लॅम्बर्ट-ईटन लक्षणसमूह हा चेता व स्नायू यांच्या जोडणीवर परिणाम करणारा एक दुर्मीळ स्वयंप्रतिकार विकार आहे. निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये त्याच्या मुळाशी कर्करोग, बहुधा फुप्फुसाचा लघुपेशी कर्करोग, असतो. अशा वेळी कर्करोग चेतासंस्थेत पसरलेला नसतो. त्याच्याविरुद्ध शरीराने उभारलेला प्रतिकारच चेतासंस्थेस बाधक ठरतो. स्नायूंची दुर्बलता अनेकदा कर्करोगाचे निदान होण्यापूर्वीच जाणवू लागते. त्यामुळे हा विकार वेळीच ओळखला जाणे महत्त्वाचे असते.

कारण

चेतातंतूच्या टोकाशी संदेश पोहोचला की तेथील कॅल्शियम वाहिन्या उघडतात. कॅल्शियम आत शिरल्यावर ॲसिटिलकोलीन हे रसायन स्रवते व स्नायू आकुंचन पावतो. लघुपेशी कर्करोगाच्या पेशींवरही अशाच वाहिन्या असतात. त्यांच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे चेतातंतूंवरील वाहिन्यांवरही हल्ला करतात. परिणामी ॲसिटिलकोलीन अपुरे स्रवते. कर्करोग नसलेल्या रुग्णांतही हीच प्रतिपिंडे आढळतात.

लक्षणे

प्रारंभ बहुधा मांड्यांपासून होतो. जिना चढणे, बसलेल्या जागेवरून उठणे कठीण जाते. पुढे दंडही दुर्बल होतात. तोंडाला कोरड पडणे, बद्धकोष्ठता व पुरुषांमध्ये लैंगिक दुर्बलता ही इतर लक्षणे होत. मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकारात डोळ्यांचे स्नायू बहुधा आधी बाधित होतात आणि श्रमाने दुर्बलता वाढते. येथे मात्र स्नायू काही सेकंद जोराने आवळल्यास शक्ती व मंदावलेले प्रतिक्षेप थोडा वेळ सुधारतात.

निदान

स्नायूंच्या विद्युत तपासणीत, सुमारे 10 सेकंद स्नायू आवळल्यानंतर प्रतिसाद बहुधा दुपटीहून अधिक वाढतो. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी निदानास पुष्टी देते. त्यानंतर छातीचे सीटी स्कॅन व गरजेनुसार पेट स्कॅन करून कर्करोगाचा शोध घेतला जातो. पहिल्या तपासणीत काही न आढळल्यास ती सुमारे 2 वर्षे ठरावीक अंतराने पुन्हा करतात. धूम्रपान करणाऱ्या रुग्णांमध्ये कर्करोगाची शक्यता अधिक असते.

उपचार

कर्करोगावरील उपचारांनी दुर्बलताही अनेकदा कमी होते. ॲमिफाम्प्रिडीन हे औषध ॲसिटिलकोलीनचा स्राव वाढवते. आवश्यकतेनुसार प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे, शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तद्रव बदलणे हे उपाय योजतात. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञास या विकाराची कल्पना देणे आवश्यक असते. कारण स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा परिणाम अशा रुग्णांवर प्रमाणाबाहेर होतो.

इतिहास

फुप्फुसाचे अर्बुद असलेल्या एका रुग्णास स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यावर त्याचा श्वास दीर्घकाळ थांबल्याची नोंद 1953 मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. 1956 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या एडवर्ड लॅम्बर्ट, ली ईटन व एडवर्ड रूक यांनी विकाराचे वर्णन केले. 1981 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी रुग्णांची प्रतिपिंडे उंदरांना टोचून त्यांच्यात तोच दोष उत्पन्न केला. विकाराचे स्वयंप्रतिकारात्मक स्वरूप त्यातून सिद्ध झाले.