नळीपासून सेन्सरपर्यंत : साखर मोजण्याची गोष्ट

गणपतीत आरती होऊन, मोदक खाऊन अर्धा तास झाला की आपले दोन-चार ज्येष्ठ सभासद मोबाईल दंडाला लावून पाहतात. मग वाद ठरलेला. "सेन्सर १६२ म्हणतो, बोटाचं १८८ आलं. खरं कुठलं?" बँकेत आयुष्य गेल्यामुळे दोन आकडे जुळले नाहीत की मला चैन पडत नाही. म्हणून या वादाचा थोडा इतिहास.

माझ्या वडिलांना मधुमेह होता. आम्ही तेव्हा घाटकोपरला चाळीत राहत होतो. रोज सकाळी काचेच्या नळीत ५ मिलिलिटर बेनेडिक्टचे निळे औषध, त्यात लघवीचे ८ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे, हे काम माझ्याकडे. निळे राहिले तर साखर नाही. मग हिरवे, पिवळे, नारिंगी, विटकरी असा चढता क्रम. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती सहसा लघवीत उतरत नाही. नळी निळी असली तरी साखर १७० आहे की ५०, हे कळायचे नाही.

१९६७ सालची एक सकाळ मला अजून आठवते. नळी पिवळी झाली म्हणून वडिलांनी इन्सुलिन थोडे वाढवून घेतले. तासाभरात घामाने डबडबले, बोलणे अडखळू लागले. शेजारच्या काकूंनी साखरपाणी पाजले म्हणून निभावले. नळी खोटे बोलली नव्हती. रात्रभर साठलेल्या लघवीची, म्हणजे रात्रीची गोष्ट तिने सकाळी सांगितली होती.

मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया १९५५ पासून काम करत होती, पण घरच्या घरी रक्त तपासायची सोय तेव्हा जगातच नव्हती. १९६० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत 'डेक्स्ट्रोस्टिक्स' ही पट्टी आली. तिच्यावर रक्ताचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पाण्याने धुवायचा आणि रंग ताडून पाहायचा. १९७० च्या सुमारास तो रंग वाचणारे किलोभर वजनाचे यंत्र निघाले, तेही डॉक्टरांसाठी. रिचर्ड बर्नस्टाईन या मधुमेही इंजिनिअरने डॉक्टर पत्नीच्या नावावर ते मिळवले आणि दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजू लागला. डॉक्टर ऐकेनात, तेव्हा चाळिशी उलटल्यावर हा गृहस्थ स्वतःच मेडिकलला गेला!

अमेरिकेत पहिल्या सेन्सरला मान्यता मिळाली १९९९ साली, म्हणजे आपली सोसायटी उभी राहत होती तेव्हा. आजचा सेन्सर दंडावर चौदा दिवस राहतो. पण तो रक्त मोजतच नाही. कातडीखाली पेशींमधले पाणी मोजतो. रक्तातली साखर तिथे पोहोचायला पाच-दहा मिनिटे लागतात. खात्यात पैसे जमा झाले, पण पासबुकात नोंद व्हायची आहे, तसेच हे. मोदकानंतर साखर चढत असताना सेन्सर मागे राहणारच. १६२ आणि १८८ यांचे भांडण नाही.

आणि बोट तरी धुतल्या तांदळासारखे कुठे आहे? २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, साखर १०० किंवा जास्त असताना ग्लुकोमीटरची शंभरातली ९५ उत्तरे १५ टक्क्यांच्या आत असली की यंत्र पास. खरी साखर २०० असेल तर १७० ते २३० सगळे चालते. चांगल्या सेन्सरचा सरासरी फरक ९ ते ११ टक्क्यांच्या आसपास असतो. शिवाय मोदकाचे बोट न धुता टोचले तर आकडा मोदकाचाच!

मागच्या पावसाळ्यात रात्री दोनला माझा सेन्सर ओरडला : ५८. सौ. घाबरून उठली, "अहो, साखर खा आधी!" मला घाम नाही, थरथर नाही. हात धुऊन बोट टोचले, १०४. मी सेन्सरच्याच कुशीवर झोपलो होतो. तो दाबला गेला की आकडा खोटाच खाली येतो. त्या आकड्यावर इन्सुलिन कमी-जास्त केले असते, तर तीही वडिलांसारखीच चूक ठरली असती.

सेन्सर जरूर लावा. साखर कुठे चालली आहे, हे बोट सांगू शकत नाही. पण आकडा आणि अंग यांचे जमले नाही, तर हात धुवा आणि बोट टोचा. अंगच घामाने थरथरत असेल, तर मात्र आधी साखर तोंडात टाका, हिशेब नंतर.